देवळाविना तीन वर्षे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या आपल्या भागात फिरताना काही घरे लांबूनच ओळखू येतात. जुन्या कौलारू घराशेजारी स्लॅबची नवी खोली चढलेली असते, अंगणात फरश्या बसवलेल्या असतात. कर्ता पुरुष कुठे आहे असे विचारले, की म्हातारी सासू पदराला हात पुसत एकच शब्द सांगते, "सौदीला." या शब्दापलीकडे घरालाही फारसे ठाऊक नसते. पगार किती, सुट्टी कधी, येताना काय आणणार, एवढे विचारले जाते. तो माणूस तिथे सण कसा करतो, दिवा कुठे लावतो, आजारी पडला तर उशाशी कोण बसते, हे कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

मला हे आयुष्य थोडे जवळून पाहायला मिळाले. २०११ ते २०१४ अशी तीन वर्षे मी महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेऊन यजमानांबरोबर सौदी अरेबियातल्या जुबेल या औद्योगिक शहरात राहिले. यजमान एका कारखान्याच्या देखभाल विभागात इंजिनिअर होते. मुलगी पहिलीत होती. आमचे घर तुमच्यापैकी अनेकांच्या घरासारखेच दुभाषी. माझे माहेर बेळगावचे मराठी, सासर गोकाक बाजूचे कन्नड. मुलगी माझ्याशी मराठीत भांडते आणि अव्वांशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी, कन्नडमध्ये लाडीगोडी लावते.

परत आल्यावर शेजारणींनी, विद्यार्थिनींनी, पाहुण्यांनी सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न एकच होता: "तिथे देऊळ नाही म्हणे, मग देवाचे कसे करायचात?" वाटेत उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख.

वाळूत आखलेले शहर

जुबेल हे सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, दम्मामच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. एके काळी ते मासेमारी करणाऱ्यांचे आणि समुद्रातून मोती काढणाऱ्यांचे लहानसे गाव होते. १९७५ मध्ये सौदी सरकारने जुबेल आणि तांबड्या समुद्रावरचे यनबू या दोन ठिकाणांसाठी एक शाही आयोग नेमला आणि वाळवंटात कागदावर आखून अख्खे शहर वसवले. उभारणीचे व्यवस्थापन अमेरिकेच्या बेक्टेल कंपनीकडे होते. तेलविहिरींवर नुसताच जाळून टाकला जाणारा वायू कारखान्यांत आणायचा आणि त्यापासून खते, प्लास्टिकचा कच्चा माल, पोलाद करायचे, असा त्यामागचा हिशेब होता. अर्थशास्त्र शिकवणारी असल्याने मला त्याचे फार कौतुक वाटे. कारखान्यांची यंत्रे थंड ठेवायला समुद्राचे पाणी मोठमोठ्या कालव्यांतून आत खेळवले आहे. समुद्राचेच पाणी गोडे करून ते चारशे किलोमीटरहून दूर असलेल्या रियाधला नळाने पाठवतात. आम्ही गेलो त्याच वर्षी, २०११ मध्ये, सौदी आरामको आणि डाऊ यांनी मिळून 'सदारा' ही कंपनी काढली. तिचे २६ कारखाने उभे करायला पुढची काही वर्षे हजारो परदेशी माणसे तिथे राबत होती.

या शहरात माणसांचे तीन थर होते. हिरवळ आणि खजुरीची झाडे लावलेल्या वसाहतींत आमच्यासारखी कुटुंबे राहत. 'बलद' म्हणजे जुन्या गावात केरळी हॉटेले, किराणा दुकाने आणि पैसे पाठवण्याची केंद्रे होती. आणि शहराबाहेर, कारखान्यांच्या धुराड्यांच्या पलीकडे, कामगारांचे कॅम्प होते. आपल्या भागातले बहुतेक 'सौदीला' गेलेले लोक या तिसऱ्या थरातले.

मक्का-मदिना ज्या देशात आहेत त्या देशाचा राज्यधर्म इस्लाम. इतर धर्मीयांना उघडपणे सामुदायिक पूजा-प्रार्थना करण्याची तिथे मुभा नाही. त्यामुळे देऊळ नाही, चर्च नाही, गुरुद्वारा नाही. गंमत अशी, की याच जुबेलजवळ १९८६ मध्ये एका फार जुन्या चर्चचे अवशेष वाळूखाली सापडले आहेत. आमच्या इमारतीतल्या केरळी आणि फिलिपिनो ख्रिस्ती कुटुंबांनाही रविवारची प्रार्थना घरातच करावी लागे. घराच्या चार भिंतींत, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेताने कोणी काही केले तर सहसा कोणी विचारायला येत नसे. पण 'सहसा' या शब्दावर विसंबून राहायचे कसे, हे ज्याने त्याने ठरवायचे होते.

कपाटातला देव्हारा

आमचा देव्हारा भिंतीवरच्या कपाटात होता. दार उघडले की देव, दार लावले की चहाचे कप ठेवायचे कपाट. अव्वांनी निघताना पितळेचे देव देऊ केले होते. विमानतळावरच्या तपासणीत काय होईल या काळजीने आम्ही ते नेले नाहीत. नेला तो हळदीचा पुडा. कर्नाटकात मंगलकार्यात हळदीचा गणपती करायची पद्धत आहे, ती आमच्या उपयोगी पडली. हळद पाण्यात कालवून बोटभर उंचीचा गणपती करायचा, अक्षतांवर बसवायचा, दीड दिवसाने वाटीभर पाण्यात विसर्जन करायचे आणि ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचे. कपिलेश्वर तलावावरची विसर्जनाची गर्दी पाहत वाढलेल्या मला पहिल्या वर्षी ती वाटी बघून घशाशी आवंढा आला. दुसऱ्या वर्षी मात्र मुलीनेच हळद मळायला घेतली आणि सोंड कुठल्या बाजूला वळवायची यावरून बापाशी वाद घातला. आपल्या हातांनी देव घडवायचा प्रसंग बेळगावात तिच्या वाट्याला आला नसता.

तुळशीचे बी आम्ही नेले होते. रोप थंडीत छान वाढे आणि मे महिन्यात करपून जाई. मग एका केरळी अक्कांनी सांगितले, की इथल्या रोपवाटिकेत 'रेहान' मिळतो, तो तुळशीच्याच कुळातला. पाने मोठी, वास वेगळा. पण तुळशीच्या लग्नाला आम्ही त्याच कुंडीपुढे आंतरपाट धरला. देवाला चालले असावे.

फराळाच्या वेळी खरी पंचाईत खसखशीची. आखाती देशांत खसखस अमली पदार्थांत मोडते, ती नेणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे आमचे अनारसे तिळावर थापले जात आणि करंजीच्या सारणातून खसखस कायमची हद्दपार झाली. आपल्याकडून कोणी जाणार असेल तर आईने प्रेमाने बांधून दिलेल्या डब्यातली ही एक गोष्ट आधी काढून ठेवावी, हे मुद्दाम सांगते.

आरती आम्ही हळू आवाजात म्हणत असू. टाळ्या नाहीत, झांज नाही, घंटा नाही. आधी मराठी आरत्या, मग अव्वांनी मुलीला फोनवरून शिकवलेले पुरंदरदासांचे लक्ष्मीचे पद. तिच्या शाळेत इंग्रजी, हिंदी, अरबी होती. मराठी नव्हती, कन्नड नव्हती. घरात बोलायच्या भाषा मुलाला येतातच, पण आरती आणि पद यांतली जुनी, वळणदार भाषा कोणी म्हटल्याशिवाय येत नाही. मुलीच्या दोन्ही भाषा तिथे टिकल्या, त्यात या कपाटाचा वाटा मोठा आहे.

शेजारच्या इमारतीत बैलहोंगलचे एक लिंगायत इंजिनिअर राहत. त्यांना आमच्याएवढी आटाआटी करावी लागत नसे. इष्टलिंग गळ्यातच असे. सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचे, विभूती लावायची, डोळे मिटून बसायचे. "तुमचा देव कपाटात, आमचा गळ्यात," असे ते हसत म्हणत. आठशे वर्षांपूर्वी बसवण्णांनी घालून दिलेली ही रीत परमुलखात किती सोयीची आहे, हे मला तिथे जाऊन उमगले.

संक्रांतीचे हळदीकुंकू आम्ही शुक्रवारी करत असू. रथसप्तमीपर्यंत मुदत असतेच. बाया येत त्या काळ्या अबायात. आत आल्यावर अबाया खुंटीला लागे आणि आतून इरकलीचे पदर, नथी, ठुशा बाहेर येत. मराठी बाई तिळगूळ देई, कन्नड बाई 'एळ्ळु-बेल्ला' म्हणून तीळ, गूळ, खोबरे हातावर ठेवी. एका ताटात दोन्ही. आपल्या सीमाभागात भाषेवरून जे काही चालते ते त्या ताटाजवळ मला कधी आठवले नाही.

बांग आणि सांजवात

आवाजाची बंधने पाळताना आम्ही कुढत बसायचो, असा समज होऊ नये. त्या शहराचीही एक लय होती आणि नकळत आमच्या घराला ती लागली. पाच वेळा बांग होई आणि त्या काळी बांग झाली की दुकानाचे दार ओढले जाई. वीस-पंचवीस मिनिटे बाहेर फुटपाथवर उभे राहायचे. सुरुवातीला मी वैतागायची. पुढे तो वेळ मुलीचे पाढे घ्यायला वापरू लागले. मगरीबची बांग बरोबर सूर्यास्ताला होते. म्हणजे आपली दिवेलागण. दिवस लहान-मोठा होईल तशी बांगेची वेळ सरकते आणि सांजवातीचीही. बेळगावात मी घड्याळ बघून, तेही कधी सात, कधी आठ, आठवेल तेव्हा दिवा लावत असे. जुबेलमध्ये मशिदीतून मगरीबची बांग ऐकू आली की मुलगी म्हणे, "आई, दिवा." तीन वर्षांत आमची सांजवात बहुधा चुकली नाही.

दोन पंचांगांची गंमत तर २०१२ साली अनुभवली. मुसलमानी महिना आणि आपला महिना दोन्ही चंद्रावर चालतात. फरक एवढाच, की आपण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो, ते घालत नाहीत. म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २० जुलै २०१२ ला सौदीत रमजान लागला आणि त्याच दिवशी आपला श्रावण. अख्खा महिना दोघांचा एकत्र गेला. तिकडे रमजान संपला, इकडे आपल्याला अधिक भाद्रपद लागला आणि गणपती पार १९ सप्टेंबरपर्यंत लांबले. नागपंचमी आणि पहिला श्रावणी सोमवार २३ जुलैला एकाच दिवशी आले. बाहेर ४५ अंशांच्या पुढचे ऊन, दिवसा रस्त्यावर कोणी घोटभर पाणी पिणार नाही, आणि घरात माझा उपास.

पुढच्या वर्षी आषाढी एकादशी १९ जुलैला, रमजानातल्या शुक्रवारी आली. आमच्या समोर भटकळचे मुसलमान कुटुंब राहत होते. त्यांची नवायती बोली कोकणीच्या जवळची, त्यामुळे आम्ही एकमेकींशी आपापल्या बोलीत बोलायचो आणि अडले तर कन्नड असायचेच. त्या दिवशी संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. ती माझ्याकडे आणि वाटीकडे बघत म्हणाली, "हा तुमचा उपास? हे तर जेवणच झाले!" आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तिने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिने खजूर दिले, मी म्हटले, एकादशीला खजूर चालतो. अशा गोष्टी कुठल्या ग्रंथात लिहिलेल्या नसतात, पण शेजार त्यावर टिकतो.

कॅम्पमधला देव

आतापर्यंत सांगितले ते कुटुंबवाल्यांचे. आमच्याकडे कपाट होते, दार होते, चार माणसे होती. कॅम्पमध्ये यातले काहीच नव्हते.

दर शुक्रवारी यजमानांच्या हाताखालचे आपल्या भागातले चार-पाच जण आमच्याकडे जेवायला येत. कोणी वेल्डर, कोणी फिटर, कोणी मचाण बांधणारा. बेळगावहून आलेले जोंधळ्याचे पीठ मी त्या दिवसासाठी राखून ठेवायची. एका खोलीत सहा ते आठ माणसे, लोखंडी दुमजली खाटा, पहाटे साडेचारला बस, असे त्यांचे आयुष्य. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२ ते ३ उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते. पण त्याआधीची आणि नंतरची तासंतासांची भट्टी सोसावी लागतेच.

त्यातला एक फिटर चंदगड बाजूचा माळकरी. फिरत्या यंत्राजवळ गळ्यात काही घालायचे नाही, असा कारखान्याचा नियम होता आणि तो योग्यच होता. तो रोज सकाळी माळ काढून जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात ठेवी आणि सुट्टी झाली की हात धुऊन पुन्हा घाली. "विठोबाला बी आठ तास पोळीसंगं बसायला लागतंय," असे म्हणे. गणपतीत त्यांच्या खोलीत मोबाइलच्या पडद्यावर गणपतीचे चित्र लावून मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचे आणि आरती एकेका कानात हेडफोन घालून ऐकायची. खोलीत बिहारचे दोघे, केरळचा एक, हैदराबादचे दोन मुसलमान. त्यांतला एक हैदराबादी आरतीच्या वेळी दाराशी उभा राही, कोणी येत असेल तर सांगायला.

मी एकदा त्यांना विचारले, देवाची आठवण येत नाही का? आमच्यातला सर्वांत अबोल वेल्डर म्हणाला, "वैनी, देव काय पळून जातंय व्हय? घरच्यांस्नी फोन लागंना झाला की मग मात्र जीव वरखाली हुतो."

हा वेल्डर खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय चाळिशीच्या आसपास. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो रात्री झोपला तो सकाळी उठला नाही.

सौदीत दहनाची सोय नाही. देह मायदेशी पाठवायचा तर रुग्णालयाचा दाखला, पोलिसांचा अहवाल, घरच्यांचे संमतीपत्र, रियाधच्या भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र, निवासपरवाना रद्द करून अखेरचा व्हिसा, मग देह टिकवण्याची प्रक्रिया आणि विमानाची जागा, अशी कागदांची रांग असते. घरच्यांचे संमतीपत्र पहिल्या वेळी चुकीच्या नमुन्यात आले, ते परत पाठवावे लागले. मध्ये सुट्ट्या आल्या. मुंबईहून रुग्णवाहिकेतून देह गावात पोचला तेव्हा अडतीस दिवस झाले होते.

त्या अडतीस दिवसांत त्या घराचे काय झाले असेल याची कल्पना करा. सुतक कधीपासून धरायचे? दहावा कधी? बायकोच्या कपाळावरचे कुंकू ठेवायचे की नाही? भावकीत एकमत होईना. कोणी म्हणे बातमी आली तेव्हापासून, कोणी म्हणे अग्नी दिल्यावर. शेवटी त्याच्या आईने सांगितले, "माझं लेकरू घरात आल्याबिगर कुणी कायबी करायचं न्हाई." मग सगळे थांबले. चूल पेटत होती, पोरे शाळेला जात होती, आणि घर मात्र अधांतरी. पुढे पुरोहितांनी दहनापासून दिवस धरले.

कॅम्पमध्ये त्याची खाट रिकामी होती. चंदगडच्या फिटरने खोलीतल्यांना सांगितले, की आमच्याकडे गेलेल्या माणसापाशी दहा दिवस दिवा आणि पाणी ठेवतात. खोलीत दिवा पेटवायला बंदी. मग त्या खाटेखाली स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवायचे ठरले. फिटरची त्या आठवड्यात रात्रपाळी लागली, तेव्हा ते पाणी रोज बदलायचे काम दाराशी उभा राहणाऱ्या त्या हैदराबादी मुसलमानाने केले. पूर्ण दहा दिवस. त्याला त्यामागचे शास्त्र ठाऊक नव्हते. खोलीतल्या माणसासाठी खोलीतल्यांनी काहीतरी करायचे असते, एवढे त्याला पुरे होते.

मी सुट्टीवर आले तेव्हा त्या घरी जाऊन आले. पैशांचा, भरपाईचा विषय निघेल म्हणून यजमानांनी कागद बरोबर दिले होते. त्या बाईने कागद बाजूला ठेवले आणि एकच विचारले, "तिथं त्यांच्यापाशी दिवा कुणी लावलावता काय हो, अक्का?" मी पाण्याच्या पेल्याचे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या भावाचा नंबर हाय तुमच्याकडं?" मी दिला. ती दर दिवाळीला त्याला फोन करते, असे मागाहून फिटरकडून कळले.

पुलापलीकडचे देऊळ

तीन वर्षांत आम्ही देवळात गेलो ते एकदाच. खोबरजवळून समुद्रावर २५ किलोमीटरचा पूल आहे, १९८६ मध्ये खुला झालेला. तो ओलांडला की बहरीन. मनामाच्या जुन्या बाजारात श्रीनाथजींचे मंदिर आहे. सिंधमधून आलेल्या ठठ्ठाई हिंदू व्यापाऱ्यांनी उभारलेले, सुमारे दोनशे वर्षांचे. मोती आणि कापडाच्या व्यापारासाठी आलेल्या या लोकांनी दुकानांच्या गल्लीत देव बसवला आणि तिथल्या राज्यकर्त्यांनी तो बसू दिला. २०१९ मध्ये त्याच्या नूतनीकरणाच्या कामाला आपल्या पंतप्रधानांच्या हस्ते सुरुवात झाली.

मला वाटले होते, देऊळ दिसताच भरून येईल. पण लक्षात राहिले ते वेगळेच. आरती सुरू झाली, घंटा वाजू लागल्या, लोक टाळ्या वाजवत मोठ्याने म्हणू लागले आणि आमची मुलगी भेदरून माझ्या कुशीत शिरली. कानाशी येऊन तिने विचारले, "आई, इथे मोठ्याने म्हटले तर चालते?" चालते म्हटल्यावर ती एवढ्या जोरात गाऊ लागली की आजूबाजूचे वळून बघू लागले.

आता काय बदलले आहे

आम्ही पाहिलेली सौदी आज तशीच राहिलेली नाही. आमच्या डोळ्यांदेखत, जून २०१३ मध्ये, तिथली साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली. २०१६ मध्ये धर्मरक्षक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेतला गेला. २०१७ मध्ये योगाला खेळ म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी झटणाऱ्या नौफ मरवाई या सौदी बाईंना २०१८ मध्ये आपल्या सरकारने पद्मश्री दिली. २०१८ च्या जूनपासून बायका गाडी चालवू लागल्या. नमाजाच्या वेळी दुकाने बंद ठेवण्याची सक्ती २०२१ पासून उरलेली नाही. आमच्या वेळी कामगाराला देशाबाहेर पडायला मालकाची परवानगी लागे. मार्च २०२१ पासून बहुतेक खासगी कामगारांना ती लागत नाही. आई वारली तरी मालकाच्या सहीसाठी थांबलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे हा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. शेजारच्या अमिरातीत, अबुधाबीला, फेब्रुवारी २०२४ मध्ये दगडी कोरीव कामाचे भव्य मंदिर उघडले. सौदीत मात्र देऊळ आजही नाही.

ज्यांच्या घरचा माणूस जाणार आहे त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दहावी न झालेल्यांना सौदीसारख्या देशांत कामाला जाताना सरकारची परदेशगमन परवानगी लागते आणि तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचे संरक्षण. ती पावती घरात ठेवा. पासपोर्टची, तिथल्या निवासपरवान्याची प्रत, कॅम्पचा पत्ता आणि खोलीतल्या किमान दोघांचे फोन नंबर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवा. तक्रारीसाठी परराष्ट्र खात्याचे 'मदद' हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, ते गावातल्या शिकलेल्या मुलाला उघडून बघायला सांगा. कागद वेळेवर सापडले असते तर ते अडतीस दिवस निश्चितच कमी झाले असते.

राहिला तो मूळ प्रश्न: देऊळ नसताना देवाचे कसे करायचे? त्यासाठी हळदीची चिमूट पुरते, तळहात पुरतो, डब्याचा वरचा खण पुरतो, हे मी पाहिले आहे. पण सोबत म्हणणारे कोणी नसेल तर आरती दोन कडव्यांत संपते, हेही पाहिले आहे. आम्हा कुटुंबवाल्यांना ती सोबत घरात मिळाली. कॅम्पमधल्या माणसाला ती इथूनच पाठवावी लागते.

सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. गणपतीत आपल्याकडे साडेसातला आरती सुरू होते तेव्हा तिथे पाच वाजलेले असतात आणि कामाची बस कॅम्पकडे परतत असते. आरतीच्या वेळी फोन लावून देवापाशी ठेवावा. पगाराचे, सुट्टीचे नंतर बोलता येईल. आधी त्याला झांज ऐकू द्यावी.